डोक्याला मार आणि तोलाची चाचणी : शाळकरी खेळाडूंसाठी

पंचगंगाकाठ

नमस्कार. मी फिजिओथेरपिस्ट आहे, कोल्हापुरात. तालमींकडून फुटबॉल खेळणारी पोरं, शाळांचे कबड्डी-खोखोचे संघ, अलीकडे मुलींचे फुटबॉल संघ, यांच्यातच माझं बरंचसं काम चालतं. गुडघा आणि घोटा यांच्याबद्दल आता पालकही सावध झालेत आणि कोचही. डोक्याबद्दल मात्र "पाणी मार, दोन मिनिटं बस, जा आत" एवढाच उपचार मैदानावर दिसतो. म्हणून हा धागा काढते आहे.

हेडरला दोघं उडाली आणि डोक्यावर डोकं आपटलं. किंवा साखळी पकडीत चढाई करणारा डोक्यावर आला. पोरगा उठतो, माती झटकतो, "काय नाही सर" म्हणतो आणि खेळ सुरू. बेशुद्ध पडला नाही म्हणजे काही झालं नाही, हा समज फार पक्का आहे. खरं तर कंकशन, म्हणजे हादऱ्याने मेंदूला होणारी इजा, झालेल्यांपैकी दहातले नऊहून जास्त जण बेशुद्ध पडतच नाहीत. सीटी स्कॅनमध्येही कंकशन दिसत नाही. आत रक्तस्राव नाही ना, कवटी फुटली नाही ना, हे बघण्यासाठी स्कॅन असतो. कंकशनमध्ये मेंदूचं कामकाज बिघडलेलं असतं. ते ओळखायला तीन वाटा आहेत : लक्षणं विचारायची, स्मरण आणि लक्ष तपासायचं, आणि तोल बघायचा.

पहिली वाट सगळी मुलाच्या तोंडावर अवलंबून. उद्या फायनल असेल तर डोकं दुखतंय म्हणून कोण सांगणार? तोल मात्र मनात आणलं म्हणून चांगला करून दाखवता येत नाही. मला या चाचणीचं महत्त्व वाटतं ते यामुळे.

आपण सरळ उभे राहतो ते तीन ठिकाणच्या खबरीवर : आतला कान, डोळे, आणि तळपाय-घोट्यातून वर जाणारी जाणीव. मेंदू या तिन्हींचा मेळ घालतो आणि क्षणाक्षणाला स्नायूंना हुकूम सोडतो. डोक्याला हादरा बसला की बहुतेक वेळा बिघडतो तो हा मेळ. डोळे उघडे ठेवून दोन्ही पायांवर उभ्या असलेल्या मुलात तो बिघाड दिसत नाही, कारण बाकीची खबर पुरेशी असते. म्हणून चाचणीत एकेक आधार काढून घेतात. डोळे मिटायला सांगितले की एक गेला. मऊ फोमवर उभं केलं की तळपायाची खबर गोंधळते. मग उरतो आतला कान आणि मेंदूची स्वतःची जुळवाजुळव.

जगभर वापरली जाणारी चाचणी म्हणजे 'बेस' (बॅलन्स एरर स्कोअरिंग सिस्टीम, म्हणजे चुका मोजून तोल तपासणं). अमेरिकेत चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात १९९० च्या दशकात ती तयार झाली. तिथे तोल मोजायची महागडी यंत्रं होती, पण ती मैदानावर नेता येत नाहीत, म्हणून घड्याळ आणि फोमचा तुकडा एवढ्यावर होणारी चाचणी बसवली. उभं राहण्याच्या तीन पद्धती : दोन्ही पाय जुळवून, एका पायावर (ज्या पायाने चेंडू मारत नाही त्या पायावर), आणि एकामागे एक पाय, टाच-बोटं चिकटवून, कमजोर पाय मागे. प्रत्येक वेळी २० सेकंद, हात कमरेच्या हाडावर, डोळे मिटलेले. आधी कडक जमिनीवर तीन, मग फोमवर तीन. चुका मोजायच्या : हात कमरेवरून सुटणे, डोळे उघडणे, पाऊल टाकणे किंवा लडखडणे, टाच किंवा चवडा उचलणे, कमरेतून ३० अंशांपेक्षा जास्त झुकणे, पाच सेकंदांहून जास्त वेळ जागा सोडणे. दोन-तीन चुका एकदम झाल्या तर एकच धरायची. एका पद्धतीला जास्तीत जास्त १० चुका, म्हणजे एकूण ६०. फोम वगळून नुसत्या जमिनीवरच्या तीन केल्या तर ३०. हीच छोटी आवृत्ती 'स्कॅट ६' या खेळाडूंच्या कंकशन तपासणीच्या संचात आहे. खेळातल्या कंकशनवरच्या २०२२ च्या ॲमस्टरडॅम परिषदेनंतर २०२३ साली ते निघालं, वय १३ आणि पुढच्यांसाठी. ८ ते १२ वर्षांच्या मुलांचं वेगळं आहे. त्या वयात तोल अजून घडत असतो, त्यामुळे निरोगी लहान मूलही मोठ्यांपेक्षा जास्त चुका करतं.

आता जे सांगण्यासाठी एवढं लिहिलं ते. ही चाचणी मुलाला बाहेर बसवण्यासाठी आहे, आत पाठवण्यासाठी नाही. मार लागल्यावर तोल बिघडला असेल तर प्रश्नच मिटला, मूल बाहेर. तोल ठीक निघाला तर त्यावरून काहीच ठरत नाही. अभ्यासांमध्ये मार लागल्या लागल्या ही चाचणी साधारण तीनातल्या एकाच कंकशनला पकडू शकली आहे. बाकीचे दोघे तोल सांभाळून उभे राहतात आणि तरीही त्यांना कंकशन झालेलं असतं.

कुणी मुलांवर ही चाचणी वापरली असेल, कुणाच्या मुलांची झाली असेल, तर जरूर लिहा.

केरीकर

धागा अगदी वेळेवर आला. आम्ही नॉर्थ कॅरोलिनात, केरीला राहतो. मुलगी नववीत आहे, शाळेच्या संघात सॉकर खेळते. हंगाम सुरू व्हायच्या आधी शाळेच्या ॲथलेटिक ट्रेनरने (खेळाडूंच्या दुखापती बघणारा माणूस) सगळ्या मुलींची ही चाचणी घेऊन ठेवली होती. तेव्हा मला वाटलं होतं, असेल काहीतरी कागदपत्रांचं.

नंतर एका सामन्यात तिला समोरच्या मुलीचं कोपर कानशिलावर बसलं. ती म्हणाली मी बरी आहे. ट्रेनरने बाजूला नेऊन चाचणी केली तर फोमवर एका पायावर उभंच राहता येईना. आधीच्या नोंदीच्या जवळजवळ दुप्पट चुका. त्याच क्षणी तिचा सामना संपला. इथपर्यंत सगळं पटलं.

प्रश्न पुढचा आहे. चौथ्या दिवशी तिचा तोल मूळ आकड्यावर आला. डोकं मात्र अजून दुखतं, वर्गात उजेडाचा त्रास होतो. ट्रेनर म्हणतात अजून बराच वेळ आहे. तिच्या बाबांचं म्हणणं, तोल आला म्हणजे मेंदू सावरला, मग एवढा उशीर का? ती स्वतःही रोज तेच विचारते आहे. पंचगंगाकाठ, तुम्ही काय म्हणाल?

पंचगंगाकाठ

केरीकर, ट्रेनरचं बरोबर आहे. तुमच्या मुलीचं जे झालं ते अगदी ठरलेल्या वाटेने चाललं आहे. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉल खेळाडूंचा एक मोठा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात तोल तीन ते पाच दिवसांत पूर्ववत झाला, विचारांचा वेग आणि स्मरण यायला पाच ते सात दिवस लागले, आणि लक्षणं जायला साधारण सात. ते सगळे कॉलेजचे. शाळकरी मुलांना पूर्ण बरं व्हायला चार आठवडेही लागू शकतात आणि त्यात काही वावगं नाही. म्हणजे तोल सर्वांत आधी परत येतो. जे सर्वांत आधी परत येतं, त्याच्यावरून बाकीचं आलं असं कसं म्हणायचं?

खेळाकडे परतायच्या सहा पायऱ्या आहेत. पहिले एक-दोन दिवस सापेक्ष विश्रांती, म्हणजे घरातली हालचाल चालू, स्क्रीन कमी. अंधाऱ्या खोलीत आठवडाभर झोपवून ठेवायची जुनी पद्धत आता सोडून दिली आहे, तिने मुलं उलट जास्त दिवस रेंगाळतात. मग चालणं किंवा सायकल, त्रास फारसा वाढणार नाही इतपत. मग एकटीने खेळाच्या हालचाली, मग धक्का न लागणारा सराव. त्यापुढे डॉक्टरांनी लेखी परवानगी दिल्यावर पूर्ण सराव, आणि शेवटी सामना. प्रत्येक पायरीला निदान २४ तास. आणि शाळा आधी, मैदान नंतर : दिवसभर वर्गात नेहमीसारखं बसता येत नसेल तर सामन्याचा विषयच नको.

तिच्या बाबांना एक गोष्ट नक्की सांगा. हलका व्यायाम लवकर सुरू करण्यात काही चूक नाही. किशोरवयीन मुलांवरच्या २०१९ च्या एका अभ्यासात, त्रास वाढणार नाही इतपत एरोबिक व्यायाम करणारी मुलं साधारण १३ दिवसांत बरी झाली, नुसते स्ट्रेचिंग करणारी १७ दिवसांत. तेव्हा घाई असेल तर ती अशी करता येते. सामन्याची नाही.

माणदेशी_मास्तर

ताई, लेख चांगला आहे, पण आमच्या बाजूनं थोडं सांगतो. मी माण तालुक्यात माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक आहे. कबड्डी, खो-खो, कुस्ती, धावणं, सगळ्याला मी एकटाच. तालुका स्पर्धेला जाताना टेम्पोत पोरं आणि माझ्या पिशवीत कापूस, पट्टी, स्प्रे. ॲथलेटिक ट्रेनर हा माणूस आम्ही फक्त वाचून ऐकलेला. फोम नाही, मैदान मुरमाचं. अनवाणी उभं केलं तर खडे टोचून कुणाचाही तोल जाईल.

त्यात हंगामाआधी सगळ्यांची नोंद करून ठेवायची म्हटलं तर साठ-सत्तर पोरं होतात. एकेकाला दहा मिनिटं धरली तरी आठवडा जातो, आणि तासाला शाळेत दुसरी कामं असतातच. बरं, एवढं करून तुम्हीच म्हणताय की तीनातली दोन हातातनं सुटतात. मग आमच्यासारख्यानं करावं तरी का?

आणि एक. मूल बाहेर बसवलं तर पालकांना पटत नाही. "सर, बघा की, चालतोय बोलतोय नीट, काय झालंय त्याला?" असं तोंडावर विचारतात. जिल्ह्याला निवड झाली की ग्रेस गुणांचाही विषय असतो. त्यांना मी दाखवू काय?

न्यूरोवाला

मी मेंदूविकारतज्ज्ञ आहे. धाग्याचा हेतू चांगला आहे. मात्र एक धोका दिसतो तो आधीच सांगतो. अर्धवट माहितीवर कोच मैदानात तोलाची परीक्षा घेऊ लागले आणि "पास झालास, जा खेळ" म्हणू लागले, तर न घेतलेली बरी. पंचगंगाकाठ यांनी हे सांगितलंच आहे, तरी मी ते जोर देऊन पुन्हा सांगतो.

दुसरं, क्रम. डोक्याला मार लागल्यावर तोल ही पहिली गोष्ट नव्हे. आधी मान. मान दुखत असेल, हातापायाला मुंग्या किंवा अशक्तपणा असेल, तर मुलाला हलवायचं नाही, उभं करायचं तर नाहीच. मग ही लक्षणं बघा : पुन्हा पुन्हा उलटी, झटका, एकाचे दोन दिसणे, वाढत जाणारी डोकेदुखी, शुद्ध हरपणे किंवा गुंगी वाढत जाणे, विचित्र चिडचिड आणि झटापट, कवटीला खोक किंवा खड्डा. यातलं एकही असेल तर चाचणी वगैरे काही नाही, १०८ ला फोन आणि न्यूरोसर्जन असलेलं रुग्णालय. रक्तस्राव असलेला मुलगा पहिला अर्धा तास अगदी व्यवस्थित बोलू शकतो, त्यामुळे घरी पाठवलं तरी पुढचे काही तास एकटं सोडू नका आणि ही यादी आईवडिलांच्या हातात द्या.

मास्तर, तुम्ही विचारलं की पालकांना काय दाखवू. हे दाखवा. दुसऱ्या माराचा धोका समजावून सांगा. पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला, तर क्वचित मेंदूला झपाट्याने सूज येते आणि मूल दगावू शकतं. ही घटना दुर्मीळ आहे, पण झालेली बहुतेक उदाहरणं किशोरवयातलीच आहेत. एक जिल्हास्तर हुकला तर पुढच्या वर्षी पुन्हा येतो.

पंचगंगाकाठ

डॉक्टर, आभार. क्रमाबद्दल तुम्ही लिहिलंत ते मी मूळ लेखातच घ्यायला हवं इतकं महत्त्वाचं आहे, वाचणाऱ्यांनी ते आधी वाचावं.

मास्तर, तुमचे प्रश्न खरे आहेत आणि त्यांना वरवरची उत्तरं देऊन चालणार नाही.

स्कॅट ही डॉक्टर-फिजिओंनी करायची गोष्ट आहे, शिक्षकांसाठी नाही. शिक्षक, पंच, पालक यांच्यासाठी वेगळा छोटा कागद आहे, 'सीआरटी ६'. त्यात डॉक्टरांनी दिलेली धोक्याची लक्षणं आहेत आणि साधे प्रश्न आहेत : आज आपण कुठल्या मैदानावर आहोत, आत्ता कुठला हाफ चालू आहे, शेवटचा गुण कुणी घेतला. शंका आली की मूल बाहेर, त्या दिवशी परत आत नाही, एवढंच तो सांगतो. निदान करायची जबाबदारी तुमच्यावर येत नाही. तुमच्यासारख्या एकट्या माणसाला हाच कागद खरा उपयोगाचा, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

हंगामाआधीच्या नोंदीचं म्हणाल तर ॲमस्टरडॅमच्या मंडळींनीही ती सक्तीची मानलेली नाही. असली तर उपयोग होतो, नसली तर वयाप्रमाणे अंदाज घेतात. साठ पोरांची करू नका. ज्यांना मार लागायची शक्यता जास्त तेवढ्यांची करा : कबड्डीचे बारा, कुस्तीची पोरं. जवळच्या फिजिओथेरपी कॉलेजला विचारून बघा, शेवटच्या वर्षाच्या मुलांना अशी शिबिरं हवी असतात. एका सकाळी होऊन जातं.

फोम नसेल तर वर्गाच्या फरशीवर जमिनीच्या तीन पद्धती करा. गादी किंवा उशी फोमच्या जागी घेऊ नका, प्रत्येक गादी वेगळी दबते आणि आकडे जुळत नाहीत. आणखी एक चाचणी आहे, ती तुमच्याकडे सहज होईल. तीन मीटरच्या सरळ रेषेवर टाचेला बोटं लावत चालत जायचं, टोकाला वळायचं आणि तसंच परत यायचं, लवकरात लवकर, रेषा न सोडता. वेळ मोजायची. मूळ पट्टी ३८ मिलिमीटर रुंदीची असते. कबड्डीच्या मैदानाची रेषा तीन ते पाच सेंटीमीटर असते, तेव्हा साधारण तेवढीच. फक्त पहिल्यांदा ज्या रेषेवर चालवलं त्याच रेषेवर नंतरही चालवा. जमलं तर चालता चालता शंभरातून सात-सात वजा करत मोठ्याने म्हणायला लावा. नुसतं चालताना न दिसलेला बिघाड डोक्यात हिशेब चालू असताना उघडा पडतो, कारण मेंदूला आता दोन कामं एकदम ओढावी लागतात. मला स्वतःला फोमपेक्षा ही चाचणी जास्त आवडते.

आणि हो, चढाई करून धापा टाकत आलेल्या पोराला लगेच उभं करू नका. दमल्यावर धडधाकट मुलाच्याही चुका वाढतात. पंधरा-वीस मिनिटं बसवा, मग बघा. तेवढ्या वेळात काही लक्षणं असतील तीही वर येतात.

वेताची_पकड

मी मल्लखांब शिकवते, पुण्यात. दोरीच्या मल्लखांबावरची माझी एक विद्यार्थिनी उतरताना पाय अडकून पडली, डोक्याची मागची बाजू गादीच्या कडेबाहेर आपटली. दवाखान्यात नेलं, तोल तपासला, "उत्तम आहे" म्हणाले. मला मात्र चैन पडेना. जी मुलगी दोरीवर हात सोडून आसनं करते, तिचा तोल नेहमीच्या मुलीएवढा असणं म्हणजे उत्तम कसं? तिला मी रोज बघते. दुसऱ्या दिवशी ती नुसती चालतानासुद्धा मला वेगळी वाटत होती.

पंचगंगाकाठ

तुमची नजर बरोबर होती, आणि हाच माझ्या मते हंगामाआधीच्या नोंदीचा सर्वांत मोठा फायदा. पूर्ण चाचणीत साधारण तरुण माणूस निरोगी असतानाही दहा-बारा चुका करतो. मल्लखांब, जिम्नॅस्टिक्स, नृत्य करणारं मूल दोन-तीनच करेल. मार लागल्यावर त्याच्या नऊ झाल्या तर वयाप्रमाणे सरासरी चुकांच्या तक्त्यात ते अजूनही चांगल्या रकान्यात बसतं. त्याच्या स्वतःच्या जुन्या आकड्याशी ताडून बघितलं तरच ते घसरलं हे कळतं. ज्या खेळांत तोल हाच श्वास आहे, तिथे नोंद ठेवायलाच हवी असं मी म्हणेन.

पण आकड्याच्या मागेही फार लागू नये. २००९ च्या एका अभ्यासात एकाच परीक्षकाने दोनदा गुण दिले तर साधारण सातहून जास्त, आणि परीक्षक वेगळे असतील तर नऊहून जास्त फरक पडला तरच तो खरा बदल मानावा असं निघालं. म्हणून आधी आणि नंतर शक्यतो एकाच माणसाने मोजावं, किंवा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवावा. माझ्याकडे प्रत्येक मुलाचा व्हिडिओ असतो, पालकांना विचारून काढलेला. चुका मोजण्यात दोन माणसांचं एकमत झालं नाही तरी दोन व्हिडिओ शेजारी लावले की पालकांनाही फरक दिसतो.

शिवाय हुशार पोरं नोंदीच्या वेळी मुद्दाम लडखडतात, म्हणजे नंतर मार लागला तरी आकडा सारखा दिसावा. जमिनीवर दोन्ही पाय जुळवून उभं राहताना चुका करणारा निरोगी मुलगा दिसला की समजून घ्यावं आणि नोंद पुन्हा घ्यावी.

पॉइंटचा_फिल्डर

क्रिकेटबद्दल लिहितो. २०१९ च्या ॲशेसमध्ये लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर बसला, तेव्हा तो ८० वर होता. मैदान सोडून गेला, तपासण्या झाल्या, त्यात काही निघालं नाही. पुन्हा येऊन ९२ पर्यंत खेळला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठला तो लक्षणं घेऊनच. मग मार्नस लाबुशेन कसोटी इतिहासातला पहिला कंकशन बदली खेळाडू म्हणून उतरला. पुढची लीड्सची कसोटीही स्मिथ खेळू शकला नाही. जगातलं उत्तम वैद्यकीय पथक हजर, तपासणी व्यवस्थित, आणि तरी लक्षणं रात्रीतून आली. पंचगंगाकाठ म्हणतात की चाचणी आत पाठवण्यासाठी नाही, ते मला या उदाहरणाने नीट कळलं.

आपल्याकडे पुण्यात, गहुंजेच्या मैदानावर, जानेवारी २०२५ मध्ये शिवम दुबेच्या हेल्मेटवर शेवटच्या षटकात चेंडू बसला आणि त्याच्या जागी हर्षित राणा आला. केवढा वाद झाला. फलंदाजी करणाऱ्या अष्टपैलूला वेगवान गोलंदाज बदली कसा, यावर आठवडाभर सगळे बोलत होते. दुबेला काय त्रास झाला, त्याला काय तपासलं, यावर मी तरी कुठे चर्चा ऐकली नाही. शिवाजी पार्कवर नाहीतर आझाद मैदानावर खेळणारं बारा वर्षांचं पोर टीव्हीवर हेच बघतं ना?

आणि हेल्मेटबद्दल. हेल्मेट आहे म्हणजे कंकशन होणार नाही असं नाही ना?

न्यूरोवाला

नाही. हेल्मेट कवटी फुटण्यापासून वाचवतं, आणि ते घातलंच पाहिजे. कंकशन होतं ते मेंदू कवटीच्या आत झटक्याने हलल्यामुळे, विशेषतः गिरकी बसल्यामुळे. ते हेल्मेट पूर्ण थांबवू शकत नाही. छातीला जोराचा धक्का लागून मानेला हिसका बसला, डोक्याला काही लागलंच नाही, तरी कंकशन होऊ शकतं. कबड्डीत हे लक्षात ठेवा.

डावा_कोपरा

मी कॉलेजला कबड्डी खेळतो. बारावीच्या वर्षी एका स्पर्धेत पकड करताना चढाईपटूचा गुडघा कानामागे बसला. कान वाजत होता, दिवे पसरल्यासारखे दिसत होते. संघाच्या प्रशिक्षकांनी विचारलं, खेळशील का? आणि उत्तराची वाट न बघता आत पाठवलं. उरलेला सामना खेळलो, संध्याकाळचाही खेळलो. त्यानंतर महिनाभरापेक्षा जास्त काळ बसमध्ये बसलं की मळमळ, जिना उतरताना कठडा धरावा लागे, वाचायला बसलं की ओळी हलत. घरी सगळ्यांना वाटलं अभ्यासाचा ताण. प्रिलिम अशीच गेली. कानाच्या डॉक्टरांनी शेवटी फिजिओकडे पाठवलं, तिथे डोळे आणि मान यांचे व्यायाम दिले, तेव्हा हळूहळू फरक पडला.

सामन्यात त्याच वेळी कुणी एका पायावर उभं केलं असतं तर मी पडलोच असतो, एवढं खात्रीने सांगतो.

पंचगंगाकाठ

वाचून वाईट वाटलं. तुम्ही ज्याचं वर्णन केलंत ते डोळे आणि आतला कान यांच्यातलं बिघडलेलं जुळणं. उभ्याच्या चाचणीत ते पुष्कळदा निसटतं, कारण तिथे डोकं स्थिर असतं. डोकं हलवत एका बिंदूवर नजर ठेवायला लावली की गरगरतं. त्यासाठी 'व्हॉम्स' नावाची वेगळी तपासणी आहे, पिट्सबर्गच्या लोकांनी २०१४ साली मांडलेली. आणि त्यावर व्यायाम आहेत, उपचार होतो. महिनाभर चक्कर, ओळी हलणं, प्रवासात मळमळ असं कुणाच्या मुलाला असेल तर "जाईल आपोआप" म्हणून थांबू नका.

लगेच बाहेर बसण्याने किती फरक पडतो याचा एक आकडा देते. १२ ते १९ वर्षांच्या खेळाडूंच्या २०१६ च्या अभ्यासात, मार लागल्यावरही खेळत राहिलेल्यांना बरं व्हायला सरासरी ४४ दिवस लागले, ताबडतोब थांबलेल्यांना २२. मास्तर, पालकांना दाखवायला हाही आकडा घ्या. एक सामना सोडला तर पुढचे तीन आठवडे वाचतात, असं सांगितलं की बहुतेकांना पटतं.

टोरांटोकर

ओंटारिओत यावर कायदाच आहे, रोवन्स लॉ. ओटावातली रोवन स्ट्रिंगर ही सतरा वर्षांची मुलगी शाळेच्या रग्बी संघाची कर्णधार होती. मे २०१३ मध्ये काही दिवसांच्या अंतराने तिच्या डोक्याला पुन्हा पुन्हा मार लागला आणि शेवटच्या सामन्यानंतर ती वाचली नाही. आपल्याला कंकशन झालं असावं असं तिला वाटत होतं, मैत्रिणींशी ती मेसेजवर बोललीही होती, पण घरी आणि कोचपर्यंत ते पोचलं नाही. तिच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला, २०१८ साली कायदा झाला. आता आमच्या मुलाला दरवर्षी क्लबमध्ये नाव घालताना ही माहिती वाचून सही करावी लागते, आम्हालाही करावी लागते. कोचला शंका आली की मूल बाहेर, डॉक्टरांच्या परवानगीशिवाय परत नाही, यावर वाद घालायची सोयच नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याने २००९ मध्ये असा पहिला कायदा केला आणि पुढच्या पाच वर्षांत सगळ्या राज्यांत झाले.

कायद्याचा सर्वांत मोठा फायदा कोचना झालाय असं मला वाटतं. पालकांचा दबाव आला तरी त्यांना एकट्याने वाईटपणा घ्यावा लागत नाही. आपल्याकडे राज्याचा कायदा होईल तेव्हा होईल, निदान एखाद्या जिल्ह्याच्या कबड्डी संघटनेने प्रवेशअर्जाच्या मागे हे छापलं तरी किती फरक पडेल.

माणदेशी_मास्तर

टोरांटोकर, ही कल्पना आवडली. संघटनेचं माहीत नाही, पण शाळेच्या संमतीपत्रावर छापणं माझ्या हातात आहे. आम्ही स्पर्धेला नेताना पालकांची सही घेतोच, त्याच कागदाच्या मागं डॉक्टरसाहेबांची यादी आणि ताईंचा ४४-२२ चा आकडा घालतो. मुख्याध्यापकांशी बोललो, त्यांची हरकत नाही.

कबड्डीच्या पोरांची नोंद सभागृहाच्या फरशीवर घेणार आहे. साताऱ्याच्या एका फिजिओंना फोन केलाय, ते यायला तयार आहेत. दोन शंका राहिल्या. बूट घालून घ्यायची का अनवाणी? आणि आमच्या दोन पोरांचे घोटे मुरगळलेले आहेत, त्यांचं काय करू?

पंचगंगाकाठ

मास्तर, फार बरं वाटलं. अनवाणी घ्या, पँट घोट्याच्या वर दुमडून, घोट्याला पट्टी किंवा टेप असेल तर काढून. टाच उचलली की नाही हे दिसलं पाहिजे. मुरगळलेल्या दोघांची आत्ता घेऊ नका, घोटा बिघडलेला असताना घेतलेली नोंद पुढे फसवते. घोटा पूर्ण बरा झाल्यावर, सरावाला नीट येऊ लागले की घ्या. कोणत्या पायावर उभं केलं आणि कोणत्या फरशीवर, हे प्रत्येकाच्या नावापुढे लिहून ठेवा. फिजिओंना मोजू द्या, तुम्ही शेजारी उभे राहा, कारण पोरं डोळे मिटून एका पायावर असताना अचानक पडतात. संमतीपत्राचा मजकूर तयार झाला की इथे टाका, मी आणि डॉक्टर दोघं वाचून बघतो.